इंग्लंडमधल्या जुन्या घराचं हीटिंग बदलताय? बॉयलर सगळ्यात शेवटी निवडा

दरवर्षी ऑक्टोबर लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, "अगं, बॉयलर बंद पडलाय, नवीन कुठला घेऊ?" आणि मी उलट विचारते, घरात बादली आहे का? समोरच्याला वाटतं मी थट्टा करतेय. पण खरंच सांगते, जुन्या घराचं सेंट्रल हीटिंग बदलायचं असेल तर बॉयलरचं नाव ही शेवटची गोष्ट आहे, आधी पाणी बघायचं, मग पाईप, मग रेडिएटर, मग घराला उष्णता किती लागते ते, आणि एवढं कळलं की बॉयलर जवळजवळ आपोआप ठरतो. आम्ही नेमकं उलटं केलं. आधी बॉयलर पसंत करून बसलो, ॲडव्हान्स द्यायच्या बेतात होतो, आणि वाचलो ते केवळ तिसऱ्या कोटेशनला आलेल्या इंजिनियरने काही न बोलता किचनचा नळ सोडून दाखवला म्हणून.

आमचं घर रेडिंगच्या बाजूला आहे, १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, तीन बेडरूम, दोन बाथरूम, मागे कुणीतरी नंतर काढलेलं एक्स्टेन्शन. खाली लिहिलंय ते इंग्लंडपुरतं, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम आणि अनुदानं वेगळी आहेत. आणि भाड्याच्या घरात असाल तर हे तुमचं काम नाहीच, घरमालकाला लेखी कळवा, हीटिंग आणि गरम पाणी चालू ठेवणं आणि दरवर्षी गॅसची तपासणी करून त्याचा कागद तुम्हाला देणं हे त्याच्यावर बंधनकारक आहे.

वेळेचं आधीच सांगते. हे काम मे ते ऑगस्टमध्ये करा. थंडी पडल्यावर बॉयलर शोधायला निघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, तेव्हा सगळे इंजिनियर बिझी असतात, जो मिळेल तो मागेल ते द्यावं लागतं, आणि विचार करायला वेळच नसतो.

१. घरात आत्ता काय आहे ते ओळखा

पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा मला यातलं काहीच कळलं नव्हतं, पण खरं तर आपल्याला हे सगळं भारतातून माहीत असतं, फक्त नावं वेगळी.

लॉफ्टमध्ये चढा. तिथे दोन टाक्या दिसल्या, एक मोठी एक छोटी, तर तुमची सिस्टिम जुन्या पद्धतीची, ओपन व्हेंटेड. मोठी टाकी म्हणजे आपली गच्चीवरची टाकी, तिच्यातलं पाणी खाली तांब्याच्या सिलिंडरमध्ये येतं. छोटी टाकी फक्त रेडिएटरच्या पाण्याची, तिच्यातून भर पडते आणि तापून फुगलेलं पाणी तिच्यातच वर येतं. तो सिलिंडर जिन्याजवळच्या कपाटात असतो, एअरिंग कबर्ड म्हणतात त्याला. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दार उघडून म्हणाल्या, "हा तर बंब!" आणि अगदी बरोबर म्हणाल्या, बंबच तो, फक्त खाली लाकडं नाहीत, आत बॉयलरच्या गरम पाण्याची कॉइल आहे. शिवाय बऱ्याचदा एक इमर्शन हीटर असतो, म्हणजे आपला बादलीतला रॉड, बॉयलर बंद पडला की विजेवर पाणी तापवायला. हा स्विच कुठे आहे ते आजच शोधून ठेवा, एका जानेवारीत आम्ही नऊ दिवस त्याच्यावर काढलेत.

टाक्या नाहीत, सिलिंडर नाही, भिंतीवर एकच पेटी आणि नळ सोडला की ती भुर्र करून पेटते, तर तो कॉम्बी. म्हणजे गॅसचा इन्स्टंट गीझरच, तोच रेडिएटरही तापवतो.

सिलिंडर आहे पण लॉफ्टमध्ये टाक्या नाहीत, तर तुमच्याकडे थेट मेनच्या, म्हणजे रस्त्यावरून येणाऱ्या पाईपच्या, प्रेशरवर चालणारा अनव्हेंटेड सिलिंडर असावा. आणि बॉयलर कुठेच सापडत नसेल तर हॉलमधल्या गॅसच्या शेगडीच्या मागे वाकून बघा, बऱ्याच जुन्या घरांत बॅक बॉयलर तिथे चिमणीत लपवलेला असतो. तो काढायचा म्हणजे नवीन बॉयलर दुसरीकडे न्यावा लागतो, पाईप फिरवावे लागतात, चिमणी बंद करावी लागते, खर्च त्या हिशेबाने वाढतो.

एक इशारा. एअरिंग कबर्डच्या आत किंवा जुन्या फ्ल्यूवर, म्हणजे बॉयलरचा धूर बाहेर नेणाऱ्या पाईपवर, करडे, सिमेंटच्या पत्र्यासारखे दिसणारे तक्ते असतील तर त्यांना ड्रिल लावू नका, खरवडू नका. ॲस्बेस्टॉस असू शकतं. इकडे त्याच्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या कुठल्याही घरात ते निघू शकतं. तपासणी करून घ्या, मगच हात लावा.

२. बादलीची टेस्ट

ही पाच मिनिटांची टेस्ट आहे आणि हिने आमचे काही हजार पाउंड वाचवले. १० लिटरची बादली घ्या, किचनचा थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडा, मोबाईलवर सेकंद मोजा. ६०० ला सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते येतं. सकाळी सात-आठच्या गर्दीच्या वेळी एकदा करा, दुपारी एकदा करा. थंड नळच का, तर तो थेट मेनवर असतो, बाकीचे टाकीवर असू शकतात.

आमची बादली भरायला ६६ सेकंद लागली. म्हणजे मिनिटाला ९ लिटर.

आता गणित बघा. हिवाळ्यात मेनचं पाणी ५-६ अंशांवर येतं, ते ४० पर्यंत न्यायचं म्हणजे ३५ अंश वाढवायचं. त्यासाठी २४ किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला साधारण १० लिटर देतो, ३० चा १२, ३५ चा १४. आम्हाला पहिल्या सेल्समनने ३५ किलोवॅटचा कॉम्बी सुचवला होता, "दोन बाथरूम आहेत ना मॅडम, मग मोठाच घ्या." बॉयलर १४ लिटर देऊ शकतो पण रस्त्यावरून पाणीच ९ लिटर येतंय, तर उरलेलं तो कुठून आणणार? नाकापेक्षा मोती जड. दोन्ही शॉवर एकदम लावले असते तर दोघंही थरथरत बाहेर आले असते आणि वर मोठ्या बॉयलरचे पैसे गेले असते.

फ्लो कमी का येतो ते शोधा. स्टॉपकॉक, म्हणजे मेनचं पाणी घरात सोडणारा कॉक, अर्धवट उघडा असतो, हे सगळ्यात सोपं कारण. दुसरं म्हणजे मेनचा पाईप शेजाऱ्याबरोबर सामाईक असणं, जुन्या रांगेतल्या घरांत हे असतं. आणि तिसरं, आमच्याकडे होतं ते, शिशाचा जुना पाईप. स्टॉपकॉकच्या खालचा पाईप नाण्याने हलकेच खरवडा, मऊ लागला आणि आतून चकचकीत चंदेरी निघाला तर शिसं. पाणी पिण्याच्या दृष्टीनेही ते बदललेलं बरं. तुमच्या हद्दीतला पाईप तुमचा, रस्त्यातला वॉटर कंपनीचा, आणि तुम्ही तुमचा शिशाचा पाईप बदललात तर बऱ्याच कंपन्या त्यांचा तुकडा स्वतःच्या खर्चाने बदलतात, आधी अर्ज करा मात्र, पाईप टाकून झाल्यावर नाही. आम्ही २५ मिलिमीटरचा निळा प्लास्टिक पाईप टाकून घेतला, पुढची बाग दोन दिवस खणलेली होती, आणि बादली ३० सेकंदांत भरायला लागली. बॉयलरला अजून हातही लावला नव्हता.

३. रेडिएटरवरून हात फिरवा

हीटिंग चालू करून तासाभराने प्रत्येक रेडिएटरला हात लावा. वरून थंड खालून गरम असेल तर आत हवा, छोट्या चावीने सोडून द्या. खालून मधोमध थंड आणि कडा गरम असतील तर आत गाळ साचलाय. गाळ म्हणजे लोखंड गंजून झालेली काळी राड, चहाच्या चोथ्यापेक्षा बारीक. हवा सोडताना पाणी काळं कुळकुळीत आलं तरी तेच समजायचं. हा गाळ साफ न करता त्याच पाईपांवर नवीन बॉयलर जोडला तर तो नव्या बॉयलरचा पंप आणि हीट एक्स्चेंजर खातो, आणि मग कंपनी वॉरंटी नाकारते.

मग पाईप बघा. रेडिएटरला येणारा पाईप १५ मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या जवळपास, असेल तर छान. करंगळीपेक्षा बारीक, ८ किंवा १० मिलिमीटरचा असेल तर तो मायक्रोबोअर, सत्तर-ऐंशीच्या दशकात सर्रास टाकायचे. लगेच घाबरायचं कारण नाही, त्याच्यावर बॉयलर चालतो. पण गाळाने तो लवकर तुंबतो आणि हीट पंपला (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर ओढून पाणी तापवणारं यंत्र) लागणारा जास्तीचा फ्लो त्यातून जाईलच असं नाही. आमच्या एक्स्टेन्शनमध्ये तो काँक्रीटच्या जमिनीत गाडलेला निघाला, त्याचं पुढे सांगते.

प्रत्येक रेडिएटरची लांबी, उंची आणि तो सिंगल आहे की डबल हे एका कागदावर लिहून ठेवा. लागणार आहे.

४. घराला उष्णता किती लागते?

हा प्रश्न चांगल्या इंजिनियरने तुम्हाला विचारायला हवा, प्रत्येक खोली मोजून, भिंती खिडक्या बघून. बरेचजण विचारत नाहीत, किती रेडिएटर आहेत ते मोजतात आणि मनाने आकडा टाकतात. म्हणून तुमचा स्वतःचा एक ढोबळ आकडा तयार ठेवा.

मी काय केलं, जानेवारीत बाहेर शून्याच्या आसपास असताना एक पूर्ण दिवस, चोवीस तास, गॅस मीटरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग घेतलं. १७ युनिट गेले. नव्या मीटरवर एक युनिट म्हणजे एक घनमीटर, त्यातून साधारण ११ किलोवॅट-तास मिळतात, म्हणजे १९० च्या आसपास. आमचा जुना बॉयलर त्यातला ७० टक्के वापरत असेल असं धरलं, बाकी चिमणीतून वर. १३३ भागिले २४, साडेपाच किलोवॅट. यात आंघोळीचं पाणीही आलं. त्याहून कडाक्याची थंडी धरून सात म्हणा. तीन बेडरूमचं जुनं घर, आणि हीटिंगला सात किलोवॅट पुरतात! कॉम्बीला ३० किलोवॅट लागतात ते फक्त आंघोळीच्या पाण्यासाठी, आणि त्यासाठी घेतलेला मोठा बॉयलर हीटिंग करताना स्वतःला पुरेसा बारीक करू शकला नाही की सारखा चालू-बंद होत बसतो. म्हणून कोटेशन घेताना तो कमीत कमी किती किलोवॅटवर चालतो हे विचारा, जास्तीत जास्त किती ते तर पेटीवर मोठ्या अक्षरात असतंच.

हे करतानाच लॉफ्टमधलं इन्सुलेशन मोजून घ्या. २७० मिलिमीटर असावं असं सांगतात, आमच्याकडे जेमतेम १०० होतं, तेही दबलेलं. या सगळ्या उद्योगात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पटकन जाणवलेला बदल तोच.

५. आता ठरवा: कॉम्बी, सिलिंडर की हीट पंप

एक बाथरूम, दोन-तीन माणसं, फ्लो १२ लिटरच्या वर, जागा कमी, तर सरळ कॉम्बी घ्या. पण दोन गोष्टी आधी कळू द्या. जुन्या घरात शॉवरला पंप लावलेला असतो, तो टाकीच्या पाण्यावर चालतो, कॉम्बी आला की तो काढावा लागतो, मेनवर तो चालवता येत नाही. आणि टेम्स व्हॅली, लंडन भागात पाणी जड आहे, गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात तसे कॉम्बीच्या आत बसतात आणि दोन-तीन वर्षांत गरम पाण्याची धार मंदावते. थंड पाण्याच्या पाईपवर स्केल अडवणारं काहीतरी बसवून घ्या, कोटेशनमध्येच लिहून घ्या.

दोन बाथरूम, मुलं, आणि आपल्याकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर येणारे आई-बाबा किंवा सासू-सासरे, सकाळी सहाला उठून आधी आंघोळ मग पूजा करणारे, तर सिलिंडर हवा. फ्लो चांगला असेल तर अनव्हेंटेड, टाक्या जातात आणि सगळीकडे मेनचं प्रेशर मिळतं. हा बसवणाऱ्याकडे जी-थ्री नावाची वेगळी पात्रता लागते, नुसतं गॅसचं कार्ड पुरत नाही, आणि सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी दरवर्षी करायची. फ्लो वाढवणं शक्यच नसेल तर लॉफ्टची टाकी आणि साधा सिलिंडर ठेवून फक्त बॉयलर बदलता येतो. "टाकी म्हणजे जुनाट" म्हणून हा पर्याय कुणी सुचवत नाही, पण मिनिटाला आठ-नऊ लिटरच येणाऱ्या घरात तोच शहाणा पर्याय आहे.

टाकीवरची रेडिएटरची सिस्टिम बंद म्हणजे सील्ड करायची तर त्यात प्रेशर वाढतं, आधी पाण्याच्या उंचीएवढंच असतं, आता एक ते दीड बार. पन्नास वर्षं निवांत असलेले सांधे त्या प्रेशरने गळायला लागतात. आमचा एक रेडिएटर दुसऱ्याच दिवशी टपकला. इंजिनियरचा दोष नाही, पण गळालं तर कोण दुरुस्त करणार हे आधी ठरवून घ्या.

हीट पंप. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून एअर सोर्स हीट पंपला ७,५०० पाउंड मिळतात, अर्ज इन्स्टॉलर करतो, रक्कम बिलातून वजा होते, इन्स्टॉलर एमसीएस सर्टिफाइड हवा, म्हणजे अशा कामांसाठीच्या प्रमाणपत्र योजनेत नोंदलेला. शिवाय ३१ मार्च २०२७ पर्यंत त्याच्यावर व्हॅट शून्य. शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर लांब ठेवण्याचा प्लॅनिंगचा जुना नियमही इंग्लंडात मे २०२५ मध्ये गेला. माझं मत विचाराल तर, पाईप १५ मिलिमीटरचे असतील, सिलिंडरला जागा असेल, बाहेर भिंतीशी युनिट बसत असेल, तर पहिलं कोटेशन हीट पंपचंच घ्या. अडचण येते ती रेडिएटरची. रेडिएटरवर लिहिलेली क्षमता पाणी सरासरी ७० अंशांचं धरून असते. हीट पंप सरासरी ४५-५० अंशांच्या पाण्यावर नीट चालतो, तेव्हा तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देतो. म्हणून काही रेडिएटर मोठे करावे लागतात, तिसऱ्या पायरीतला कागद इथे कामाला येतो.

आधीच कंडेन्सिंग बॉयलर असेल, धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा, म्हणजे त्यातून पांढरा प्लास्टिकचा पाईप निघून ड्रेनला जातो, तर कडाक्याच्या थंडीत फ्लो टेम्परेचर, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान, ५५ वर आणून दोन दिवस बघा. घर उबदार राहिलं तर तुमचं घर हीट पंपला बऱ्यापैकी तयार आहे. हा प्रयोग जुन्या, कंडेन्सिंग नसलेल्या बॉयलरवर करू नका, त्याच्या आत पाणी सुटून तो गंजतो.

आम्ही हीट पंप का नाही घेतला? ते काँक्रीटमधले १० मिलिमीटरचे पाईप. बदलायचे तर नुकतीच टाइल लावलेली जमीन फोडायची. म्हणून आम्ही १५ किलोवॅटचा सिस्टिम बॉयलर, म्हणजे सिलिंडरबरोबर चालणारा, आणि अनव्हेंटेड सिलिंडर घेतला, पण सिलिंडर मोठ्या कॉइलचा, उद्या हीट पंप लावला तर हाच चालेल असा. थोडे पैसे जास्त गेले. पुढच्या वेळी जमीन फोडूच.

६. कोटेशन आणि माणूस

तीन कोटेशन घ्या, त्यातलं एक तरी गावातल्या एकट्या-दुकट्या इंजिनियरचं. घर न बघता फोटोवरून दिलेला आकडा जुन्या घरासाठी धरू नका.

गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, नाव आहे का बघा, वेबसाइटवर लगेच कळतं. नुसतं कार्ड आहे म्हणून खूश होऊ नका, उलटं करून मागची बाजू वाचा, कुठली कामं करायची परवानगी आहे ते तिथे लिहिलेलं असतं, आणि तारीख बघा. कुणी "कॉर्गी रजिस्टर्ड" म्हणाला तर सावध व्हा, कॉर्गी जाऊन गॅस सेफ १ एप्रिल २००९ ला आलं. आणि गॅसच्या कामाला स्वतः किंवा ओळखीच्या हौशी मित्राकडून हात लावायचा नाही, पात्रता नसताना ते करणं कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे.

कोटेशनमध्ये हे शब्द लेखी आहेत का बघा, नसतील तर ते नंतर "एक्स्ट्रा" म्हणून येतात:

- बॉयलरचं पूर्ण मॉडेल, किलोवॅट, वॉरंटी किती वर्षांची
- गॅसचा पाईप. जुना १५ मिलिमीटरचा असतो, कॉम्बीला बऱ्याचदा २२ चा लागतो. मीटरपासून बॉयलरपर्यंत प्रेशर एक मिलिबारपेक्षा जास्त पडता कामा नये
- सिस्टिम कशी साफ करणार, पॉवर फ्लश (पंपाने जोरात पाणी फिरवून) की केमिकल टाकून साधा फ्लश, आणि शेवटी इनहिबिटर (गंज रोखणारं केमिकल)
- मॅग्नेटिक फिल्टर (लोखंडी गाळ चुंबकाने पकडणारा)
- रेडिएटरवर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (आकडे असलेली, खोलीच्या तापमानानुसार बंद होणारी चावी), खोलीचा थर्मोस्टॅट
- कंडेन्सेट पाईप कुठून नेणार
- जुन्या टाक्या, सिलिंडर काढून नेणार का, भिंतीची भोकं बुजवणार का
- कार्बन मोनॉक्साइड अलार्म, ऑक्टोबर २०२२ पासून नव्या बॉयलरबरोबर तो लागतोच
- बिल्डिंग रेग्युलेशनची नोंद कोण करणार

कंडेन्सेट पाईपबद्दल जरा जास्त सांगते. बॉयलरमधून सुटलेलं पाणी त्या पाईपने बाहेर जातं. तो बाहेरच्या भिंतीवरून बारीक ठेवला तर कडाक्याच्या थंडीत आत बर्फ धरतो आणि बॉयलर नेमका तेव्हा बंद पडतो, २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या बर्फात कितीतरी घरांत हेच झालं. घराच्या आतूनच सिंकच्या ड्रेनला जोडा, आणि बाहेरून न्यावाच लागला तर जाड, ३२ मिलिमीटरचा, वर इन्सुलेशन. गोठलाच तर कोमट पाणी ओता, उकळतं नाही.

कॉम्बी घेत असाल तर इंग्लंडात एप्रिल २०१८ पासून बॉयलर प्लस नावाचा नियम आहे, वेळ आणि तापमानाच्या कंट्रोलशिवाय आणखी एक गोष्ट लागते, उदाहरणार्थ वेदर किंवा लोड कम्पेन्सेशन (बाहेरच्या थंडीनुसार किंवा खोलीच्या गरजेनुसार पाण्याचं तापमान बदलणारं) किंवा तसा स्मार्ट कंट्रोल. हे कंट्रोल बॉयलरशी नुसतं चालू-बंद बोलतात की आच कमी-जास्त करतात हे विचारा, आपण वरण उकळी आल्यावर मंद करतो तसं. नुसतं चालू-बंद असेल तर अर्धा फायदा गेला.

फ्लॅट लीजहोल्ड असेल तर फ्ल्यूसाठी भिंतीला भोक पाडायच्या आधी फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, लेखी परवानगी. यात आठवडे जातात.

पैसे सगळे आधी देऊ नका. निदान थोडी रक्कम क्रेडिट कार्डवर द्या, वस्तू किंवा काम १०० पाउंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतचं असेल तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. आमच्या एका ओळखीच्या कुटुंबाने सगळे पैसे बँक ट्रान्सफरने दिले, माणूस बॉयलर टांगून गेला तो फिरकलाच नाही.

७. कामाच्या दिवशी

कार्पेट गुंडाळा, एअरिंग कबर्ड रिकामं करा, लॉफ्टच्या वाटेतल्या बॅगा हलवा. आमचं काम तीन दिवस चाललं. दोन रात्री गरम पाणी नव्हतं, इंडक्शनवर पातेली तापवून बादलीत आंघोळी, मुलांना मजा आली.

फ्लश करताना तिथे उभं राहा आणि पाणी बघा. सुरुवातीला शाईसारखं, शेवटी स्वच्छ, तोवर थांबायचं नाही. जाण्यापूर्वी त्याला चार गोष्टी दाखवायला लावा: प्रेशर कसं भरायचं, फिल्टर कसा साफ होतो, फ्लो टेम्परेचर कुठे बदलतं, आणि स्टॉपकॉक. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. आणि शेवटचे पैसे देण्यापूर्वी मॅन्युअलच्या मागचं बेंचमार्क चेकलिस्ट, म्हणजे बॉयलर नीट बसवून तपासल्याची नोंद, भरून सही घ्या. ते कोरं ठेवून जायची फार जणांना सवय आहे.

८. कागद

एका फायलीत ठेवा: बिल, भरलेलं बेंचमार्क, वॉरंटी रजिस्ट्रेशन, बिल्डिंग रेग्युलेशन कंप्लायन्स सर्टिफिकेट, अनव्हेंटेड सिलिंडर असेल तर त्याचा वेगळा कागद, इलेक्ट्रिकचं नवीन सर्किट ओढलं असेल तर त्याचं सर्टिफिकेट. वॉरंटी बहुतेक कंपन्या ३० दिवसांत रजिस्टर करायला सांगतात, इन्स्टॉलर करतो म्हणाला तरी स्वतः तपासा. कंप्लायन्स सर्टिफिकेट काही आठवड्यांत पोस्टाने येतं. नाही आलं तर मागे लागा, कारण घर विकताना समोरचा सॉलिसिटर पहिला तोच मागतो आणि तेव्हा इन्स्टॉलरचा फोन लागत नाही.

दरवर्षीची सर्व्हिस चुकवली की वॉरंटी जाते. कॅलेंडरमध्ये टाका, आम्ही गणपतीच्या आठवड्यात करतो, लक्षात राहतं.

९. नंतरचं ट्यूनिंग, जे कुणी करून देत नाही

बॉयलर कारखान्यातून किंवा इन्स्टॉलरकडून बऱ्याचदा ७०-७५ फ्लोवर सेट केलेला येतो. रेडिएटर चटका बसेल इतके गरम, पण परतीचं पाणी ५५ च्या खाली आलं तरच बॉयलर कंडेन्सिंग करतो, म्हणजे ज्याचे पैसे दिले ते काम करतो. कॉम्बी असेल तर हीटिंगचा फ्लो ५५-६० वर आणा आणि घर पुरेसं तापतं का बघा. सिलिंडर असेल तर तो मात्र ६० पर्यंत तापला पाहिजे, नाहीतर लेजिओनेलाचे जंतू वाढायची भीती, म्हणून हीटिंग आणि पाण्याचं तापमान वेगवेगळं ठेवता येईल असा कंट्रोल घेतलेला बरा.

मग बॅलन्सिंग. बॉयलरच्या जवळचा रेडिएटर सगळं पाणी पळवतो आणि टोकाच्या खोलीत कुडकुडत बसायचं, हे नवीन बॉयलरनेही होतं. रेडिएटरच्या ज्या टोकाला आकडे नाहीत, नुसती टोपी आहे, तो लॉकशील्ड. सगळे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, हीटिंग थंडावस्थेतून सुरू करा, आणि कुठला रेडिएटर आधी तापतो त्याचा क्रम लिहा. जो सगळ्यात आधी तापतो त्याचा लॉकशील्ड जवळजवळ बंद करा, अर्धा-पाऊण फेरा उघडा ठेवा, पुढच्याचा थोडा जास्त, आणि शेवटच्याचा पूर्ण उघडा. एका रविवारी होत नाही, दोन-तीन लागतात, पण आमची मागची खोली या एका गोष्टीने राहण्याजोगी झाली, बॉयलरने नाही.

प्रेशर थंड असताना एक ते दीड बार ठेवा. भरून झाल्यावर फिलिंग लूपचे, म्हणजे सिस्टिममध्ये मेनचं पाणी भरायच्या छोट्या नळीचे, दोन्ही व्हॉल्व्ह बंद झाले ना ते बघा. महिन्यातून एकदा भरावं लागलं तर कुठेतरी गळतंय, नुसतं भरत बसू नका, प्रत्येक वेळी ताजं पाणी आत गेलं की इनहिबिटर पातळ होतो आणि गंज पुन्हा सुरू.

गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, मीटरजवळचा दांडा पाईपला काटकोनात फिरवून गॅस बंद करा, दिव्याचे स्विच चालू-बंद करू नका, आणि बाहेर जाऊन ०८०० १११ ९९९ ला फोन लावा. चोवीस तास, फुकट. नंबर फ्रिजवर चिकटवा, पाहुण्या आई-बाबांना दाखवून ठेवा.

आणि हो, एक नुकसान झालंय त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. जुना बंब इतकी उष्णता गळायचा की ते कपाट कायम उबदार असायचं, मी बारा महिने त्यात दही लावायचे आणि इडलीचं पीठ आंबवायचे. नवीन सिलिंडरला फोमचं इतकं जाड कवच आहे की कपाट गारच राहतं. आता पीठ ओव्हनमध्ये, नुसता दिवा लावून.